शी! मी असा कुठे दिसतो?

घरात किंवा शेजारी आठ-नऊ महिन्यांचं बाळ असेल तर त्याच्यासमोर मोबाइल धरून बघा. ते बोळकं दाखवत हसेल, मोबाइल तोंडात घालायला झेपावेल, नाहीतर भोकाड पसरेल. पण केस सारखे करणार नाही. आईच्या पाठीमागे दडून ‘माझा नको ना फोटो!’ असंही म्हणणार नाही. ते काम तुमचं-आमचं. वाढदिवस असो, सहल असो की मामाचं लग्न, कुणी कॅमेरा रोखला रे रोखला की मान खाली जाते, ओठ घट्ट मिटतात आणि हातांचं करायचं काय तेच कळेनासं होतं. गंमत बघा, मिनिटभरापूर्वी हेच हात मजेत शेवपुरी खात होते, तेव्हा त्यांची आठवणसुद्धा नव्हती.

बाळाला जे सहज जमतं ते आपल्याला का जमू नये? कारण बाळाला अजून एक गोष्ट ठाऊक झालेली नसते. ती म्हणजे ‘मी’.

हे शोधून काढायची युक्ती फार साधी आहे. बाळाच्या नकळत त्याच्या नाकाला थोडा लाल रंग लावायचा आणि त्याला आरशासमोर बसवायचं. वर्षाच्या आतलं बाळ आरशातल्या बाळाकडे बघून हसतं, आरशावर थापट्या मारतं. त्याच्या दृष्टीने तो कुणीतरी दुसराच दोस्त! पण दीड-दोन वर्षांचं झालं की बहुतेक मूल आरशात बघतं आणि हात थेट स्वतःच्या नाकाला लावतं. ‘अरेच्चा, हा तर मीच!’ ब्यूला ॲमस्टरडॅम या संशोधिकेने १९७२ मध्ये लहान मुलांवर केलेला हा प्रयोग आजही जगभर करतात. पुढे १९८९ मध्ये मायकल लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वयाच्या मुलांचं भरभरून कौतुक केलं, त्यांना ‘नाचून दाखव बरं’ असं सांगितलं. कोण लाजलं? ज्यांनी आरशासमोर स्वतःच्या नाकाला हात लावला होता, मुख्यतः तीच मुलं लाजली. नजर वळवणं, ओशाळं हसणं, हाताशी चाळा करणं, सगळं अगदी आपल्यासारखं!

मला हा प्रयोग फार आवडतो. लाजणं म्हणजे काहीतरी कमी असणं, असं आपण धरून चालतो. इथे तर उलटंच दिसतं. इतरांच्या नजरेतून स्वतःकडे बघण्याइतकी मेंदूची वाढ झाली, तेव्हाच मूल लाजायला लागलं.

आता तुम्ही दहा ते पंधराच्या मधे असाल तर पुढचा प्रयोग खास तुमच्यासाठी. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या लिआ सोमरव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ वर्षांच्या मुलांपासून विशी ओलांडलेल्या तरुणांपर्यंत बऱ्याच जणांना एकेक करून एमआरआय यंत्रात झोपवलं. मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते हे यंत्र दाखवतं. प्रत्येकाला सांगितलं, ‘आत एक छोटा कॅमेरा आहे. तो सुरू झाला की तुझ्याच वयाचं कुणीतरी बाहेर बसून तुझा चेहरा बघेल.’ करायचं काहीच नाही, नुसतं पडून राहायचं. समोरच्या पडद्यावर कधी दिसे कॅमेरा बंद आहे, कधी सुरू होतोय, कधी सुरू आहे.

नुसतं तेवढ्यानेच कुमारवयातल्या मुलामुलींना लहान मुलांपेक्षा जास्त संकोच वाटला आणि त्यांच्या त्वचेला घामही जास्त सुटला. कपाळाच्या मागे, मधोमध, मेंदूचा एक भाग आहे. आपण स्वतःबद्दल विचार करतो तेव्हा तो कामाला लागतो. तोही या वयात जास्त जोरात काम करताना दिसला. आणि बाहेर बसून बघणारं ते कुणीतरी? ते नव्हतंच! कुणीही बघत नव्हतं. घाम सुटला तो ‘कुणीतरी बघतंय’ या नुसत्या कल्पनेने.

म्हणून ताई-दादा सातवी-आठवीत गेल्यावर अचानक फोटोला नाही म्हणायला लागले, तर त्यांना ‘किती ते नखरे!’ असं म्हणू नका. त्यांचा मेंदू सध्या याच कामात गुंतलेला आहे.

ही झाली फोटो काढतानाची धडधड. पण खरा गोंधळ फोटो हातात आल्यावर होतो. ‘शी! मी असा कुठे दिसतो?’ बाकीचे म्हणतात, ‘अगदी तुझ्यासारखाच आलाय की.’ आपल्याला वाटतं, हे आपली समजूत काढताहेत. खरं तर दोघंही बरोबर असतात! कसं ते बघू.

तुम्ही तुमचा चेहरा रोज कुठे बघता? आरशात. समजा तुमचा भांग डावीकडे आहे. आरशात तो तुमच्या डाव्या हाताच्या बाजूलाच दिसतो. फोटोतला तुम्ही मात्र समोर उभा राहून तुमच्याकडे बघत असता, त्यामुळे त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते. भांग उडी मारून पलीकडे गेला! एकटा भांगच नाही, सगळंच गेलं. कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. एक भुवई केसभर वर असते, नाक किंचित एकीकडे कललेलं असतं, हसताना ओठाचा एक कोपरा आधी वर जातो. आरशात हे सगळं इतक्या वेळा बघितलेलं असतं की ते लक्षातच येत नाही. फोटोत तेच कलणं विरुद्ध बाजूला जातं, आणि एवढासा फरक दुप्पट होऊन डोळ्यांत खुपतो. तुमच्या मित्रमैत्रिणींचं काय? त्यांनी तुम्हाला आरशात थोडंच बघितलंय! ते तुम्हाला समोरून बघतात, म्हणजे फोटोत दिसता तसेच. त्यांना फोटोत काहीच वेगळं वाटत नाही.

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या थिओडोर मिटा, मार्शल डर्मर आणि जेफ्री नाइट या तिघांनी हे तपासून बघितलं. कॉलेजातल्या मुलींचे फोटो काढले आणि प्रत्येकीच्या एकाच फोटोच्या दोन प्रती छापल्या. एक सरळ, दुसरी आरशात दिसेल तशी उलट. मग त्या मुलीला आणि तिच्या जवळच्या मैत्रिणीला विचारलं, यातला कुठला आवडला? मुलींचा कल आपल्या आरशातल्या रूपाकडे निघाला. मैत्रिणींचा कल सरळ फोटोकडे. चेहरा तोच, फोटो तोच, फक्त प्रत्येकीला आपल्या सवयीचा आवडला.

सवयीचं ते आवडतं, हे रॉबर्ट झायन्स या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं. चिनी लिपीचा गंध नसलेल्या लोकांना त्याने त्या लिपीसारखी अक्षरं दाखवली, काही एकदोनदा, काही पुन्हा पुन्हा. नंतर विचारलं, यातल्या कुठल्या अक्षराचा अर्थ चांगला असेल असं वाटतं? जी अक्षरं जास्त वेळा डोळ्यांखालून गेली होती, ती लोकांना जास्त ‘चांगल्या अर्थाची’ वाटली!

मी मिटांचा प्रयोग आमच्या घरी केला. माझी भाची बारा वर्षांची आहे. घरातल्या बहुतेक फोटोंत तिचं अर्धंच तोंड सापडतं, बाकीचं अर्धं कुणाच्या तरी खांद्यामागे. दिवाळीत तिचा अंगणात एक फोटो काढला होता, तो तिला मुळीच आवडला नव्हता. मोबाइलमध्ये फोटो उलटा करायची सोय असते, ती वापरून मी त्याची दुसरी प्रत केली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. ती बराच वेळ बघत राहिली. मग उलट्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, ‘मावशी, ही मी आहे. ती दुसरी कोण कळत नाही.’ तिच्या आईने क्षणाचाही विचार न करता सरळ फोटो उचलला. आजीने चष्मा मागितला, दोन्ही बघितले आणि म्हणाली, ‘दोन्हीकडे माझी नातच आहे की!’ त्यावर भाची म्हणाली, ‘मग आई मला रोज त्या दुसरीसारखी बघते?’ हो, रोज. आणि तिला ती आवडते.

यात एक उपायही दडलेला आहे. आरशातला चेहरा रोज बघून सवयीचा झाला, तर फोटोतलाही होईलच ना? म्हणून स्वतःचा बरा वाटणारा एखादा फोटो निवडा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाका. कपडे काढताना-ठेवताना नजर पडत राहील. मुद्दाम न्याहाळायची गरज नाही.

आता नाकाकडे वळू. ‘सेल्फीत माझं नाक केवढं येतं!’ ही तक्रार ऐकली असेलच. नाक बिचारं तेवढंच आहे, हा सगळा अंतराचा खेळ आहे. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटीमीटर मागे असतात असं धरू. मोबाइल नाकापासून ३० सेंटीमीटरवर धरला, तर कान ४२ सेंटीमीटरवर गेले. जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे सरतात. आता मोबाइल दीड मीटरवर ठेवा. नाक १५० वर, कान १६२ वर. फरक जवळजवळ संपला! अमेरिकेत बोरिस पास्कहोवर नावाच्या डॉक्टरांकडे लोक सेल्फी दाखवून ‘नाक लहान करून द्या’ म्हणत यायचे. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये गणित मांडलं. एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं उत्तर आलं. म्हणजे फोटो काढणाऱ्याला चार पावलं मागे जायला सांगितलं की झालं. नाकाला हात लावायची गरजच नाही.

आणि डोळे अर्धे मिटलेले, तोंड वाकडं, असा फोटो आला तर? टीव्हीवर कुणीही बोलत असताना मधेच थांबवून बघा. निवेदक असो की क्रिकेटपटू, दहातल्या कितीतरी वेळा चेहरा भलताच दिसेल. आपला चेहरा सतत हलत असतो आणि आपण एकमेकांना हलतानाच बघतो. फोटो त्यातला एक क्षण कापून घेतो. २०१२ मध्ये रॉबर्ट पोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बोलणाऱ्या माणसांची चित्रफीत दाखवली आणि त्याच चित्रफितीतली सुटी स्थिर चित्रंही दाखवली. चेहरे तेच, पण लोकांना ते चित्रफितीत जास्त छान वाटले. तुम्ही वर्गात हसता-बोलता तेव्हा मित्रांना दिसता ते चित्रफितीतले तुम्ही.

बरं, जगातला सगळ्यात पहिला कोण उभा राहिला असेल फोटोला? तो उभा होता, पण फोटोसाठी नाही! १८३८ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेर याने उंचावरच्या खिडकीतून एका रस्त्याचा फोटो घेतला. तेव्हा एक चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. रस्ता वर्दळीचा होता, तरी फोटोत तो ओस दिसतो, कारण चालती माणसं आणि पळते घोडे उमटण्याइतके एका जागी थांबलेच नाहीत. फक्त एक माणूस बुटांना पॉलिश करून घेत एक पाय वर ठेवून थांबला होता. तेवढा उमटला! आज टिकून असलेल्या फोटोंमध्ये माणूस दिसणारा हा सगळ्यात जुना मानतात. त्या माणसाला कुणी ‘इकडे बघा’ म्हटलं नाही. आपण फोटोत आलोय हे बहुधा त्याला कधीच कळलं नसेल.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामध्ये रॉबर्ट कॉर्नेलियस या दिव्यांच्या व्यापाऱ्याच्या मुलाने स्वतःचा फोटो काढला. हा फोटो शोधून जरूर बघा. केस विस्कटलेले आहेत, माणूस चौकटीच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकलाय. आज आपण असा फोटो लगेच पुसून टाकू! त्याने जपला, म्हणून तो आज अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये आहे.

त्या काळी स्टुडिओत जरा हललं की चेहरा पुसट यायचा. म्हणून लोकांच्या डोक्यामागे लोखंडी चिमट्यासारखा आधार लावायचे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हाही फोटोला बसायचं म्हणजे ताठच बसायचं. पुढे कॅमेरे झटपट झाले, तरी ताठ बसायची सवय राहिली. तुमच्या पणजोबांचा भिंतीवरचा फोटो आठवा.

आणि भीतीचं म्हणाल तर तीही जुनीच. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी बडोद्यात फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी होतं, अशी आवई तिथे उठली आणि धंदा बसला, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तर तारामतीचं काम करायला बाईच मिळेना! बायकांनी असं पडद्यावर येणं लोकांना कमीपणाचं वाटे. शेवटी अण्णा साळुंके या तरुणाने लुगडं नेसून तारामती केली.

आता ‘हस ना जरा!’ या हुकमाकडे येऊ. हुकूम आला की ओठ ताणले जातात, आणि फोटोत हसण्याऐवजी दाढ दुखत असल्यासारखं दिसतं. याचं कारण पॅरिसच्या ड्यूशेन या डॉक्टरने शोधलं. त्याच्याकडे एक म्हातारा चांभार होता. आजारामुळे त्याच्या चेहऱ्याला संवेदना नव्हती, म्हणून विजेचा सौम्य झटका दिला तरी त्याला दुखायचं नाही. ड्यूशेन एकेका स्नायूला विजेची टोकं लावून चेहऱ्यावर कुठले भाव उमटतात ते बघायचा आणि फोटो काढून घ्यायचा. १८६२ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकात छापलं. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक स्नायू येतो. त्याला वीज दिली की ओठ वर जात, पण चेहरा हसरा वाटत नसे. मग त्याने म्हाताऱ्याला एक गंमत सांगून खरंच हसवलं. तेव्हा डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळला, गाल वर आले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या उमटल्या. गालाचा स्नायू हुकूम ऐकतो. डोळ्याभोवतीचा सहसा ऐकत नाही, त्याला खरा आनंद लागतो. थोड्या लोकांना तोही मुद्दाम आवळता येतो, पण सगळ्यांना नाही.

चार्ल्स डार्विनला हे इतकं आवडलं की त्याने म्हाताऱ्याचे फोटो चोवीस जणांना दाखवले. खरं हसू सगळ्यांनी ओळखलं. विजेच्या हसण्यावर तिघांना काहीच सांगता येईना, बाकीचे ‘काहीतरी हसण्यासारखं आहे’ एवढ्यावर चाचपडत राहिले. १८७२ च्या आपल्या पुस्तकात डार्विनने हे लिहून ठेवलंय.

तुम्हीही करून बघा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोट ठेवा आणि नुसतं ‘ई’ म्हणा. मग मित्राची काल झालेली फजिती आठवा. बोटाखाली काय हललं? म्हणून फोटो काढणारा ‘हसा’ न म्हणता काहीतरी गमतीचं बोलतो तेव्हा फोटो चांगले येतात. आणि हात मोकळे सोडू नका. सायकलचं हँडल, मांजर, भेळेचा कागद, काहीही धरा. हाताला काम मिळालं की ते आपोआप बरोबर दिसतात, डोकंही स्वतःचा विचार करणं सोडतं.

तरी फोटो बिघडलाच आणि तो सगळ्यांनी बघितला तर? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी, घालायची लाज वाटेल असा एका गायकाच्या चित्राचा टीशर्ट विद्यार्थ्यांना घालायला लावला आणि इतर मुलं बसली होती त्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या मुलांनी तो बघितलाच असणार. प्रत्यक्षात साधारण पाव मुलांच्याच लक्षात आला होता. २००० साली हा अभ्यास छापून आला. ग्रुप फोटो आला की तुम्ही आधी कुणाला शोधता? स्वतःला ना? बाकीचे सगळेही तेच करतात.

ग्रुप फोटोवरून शेवटचं गणित. ऑस्ट्रेलियातले पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी, ग्रुपमधल्या कुणाचेच डोळे मिटलेले नसतील असा फोटो हवा तर किती फोटो काढावेत, याचा हिशोब केला. त्याबद्दल २००६ मध्ये त्यांना ‘इग नोबेल’ मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे बक्षीस देतात. त्यांनी धरलं की फोटोला उभा असलेला माणूस मिनिटाला दहा वेळा पापण्या लववतो आणि दर वेळी पाव सेकंद डोळे मिटलेले राहतात. म्हणजे साठ सेकंदांतले अडीच सेकंद, चोवीसातला एक भाग. आता अठ्ठेचाळीस मुलांचा वर्ग घ्या. कुठल्याही क्षणी सरासरी दोघांचे डोळे मिटलेले असणारच! सगळ्यांचे उघडे असलेला फोटो आठांत जेमतेम एखादा. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर त्यांचा सोपा नियम आहे: चांगला उजेड असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. तेवढे फोटो काढा.

या वर्षी वर्गाचा फोटो काढायला तुम्हीच पुढे व्हा. ज्याला नको असेल त्याला आग्रह करू नका, त्याच्याकडे मोबाइल द्या आणि त्यालाच काढायला सांगा. चार पावलं मागे जा, सगळ्यांना उजेडाकडे तोंड करून उभं करा, आधी डोळे मिटायला सांगा आणि ‘तीन’ म्हटल्यावर उघडायला. तसे आठ फोटो काढा, आठ साधे काढा, आणि दोन्हींत मिटलेले डोळे मोजा. किती फरक पडला ते आम्हाला कळवा. फोटो पाठवणार असाल तर त्यातल्या प्रत्येकाला आणि घरच्यांना विचारून मगच.